बुंद, तवा आणि जाते : घरातील व छावणीतील कॉफीच्या भाजणी-दळणीचा इतिहास

मराठी घरात भाजणीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धान्य मंद आचेवर भाजावे, पसरून गार होऊ द्यावे, मग दळावे. गरम असतानाच डब्यात भरले तर त्याला घाम सुटतो आणि दळून फार दिवस ठेवले तर खमंगपणा उतरतो. कॉफीची बी हाच नियम पाळते, फक्त अधिक कठोरपणे. कच्ची, वाळलेली, हिरवट बी कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकते. भाजलेल्या बीचा वास काही आठवड्यांत उतरू लागतो. दळलेल्या कॉफीचा तर काही तासांतच. म्हणजे जितके काम आधी उरकावे तितका वास कमी आणि जितके शेवटपर्यंत राखून ठेवावे तितकी साधने अधिक. कॉफीच्या भांड्यांचा आणि जात्यांचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

अरबी भाषेत कॉफीच्या बीला 'बुन्न' आणि पेयाला 'कहवा' म्हणतात. जुन्या मराठीत बियांना 'बुंद' किंवा 'बुंददाणा' आणि पेयाला 'कावा' असे शब्द होते. ते अरबी-फारसीच्या वाटेने आलेले आहेत, हे उघड आहे. पुढे इंग्रजी अमलात 'कॉफी' हा एकच शब्द बी, पूड आणि पेय या तिन्हींसाठी रूढ झाला. शब्द एक झाल्यामुळे मधल्या दोन क्रियाही नजरेआड झाल्या. बी आणि पेय यांच्यामध्ये तवा आणि जाते असते, याची आठवण जुने दोन शब्द ठेवत होते.

भाजणी कितपत : एक फिकही प्रश्न

पंधराव्या शतकाच्या मध्यास येमेनमधील सूफींच्या रात्रजागरणात हे पेय रुळले. तेथून ते मक्का व कैरो येथे पोहोचले. मक्केत इ.स. १५११ (हिजरी ९१७) मध्ये मम्लूक अधिकारी खैर बेग याने त्यावर बंदी घातली, पण ती फार काळ टिकली नाही. हा प्रसंग सर्वपरिचित आहे. साधनांच्या दृष्टीने महत्त्वाचा वाद मात्र पुढे इस्तंबूलमध्ये झाला.

तुर्की इतिहासकार इब्राहीम पेचेवी याच्या नोंदीनुसार हलबचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी हिजरी ९६२ (इ.स. १५५४-५५) मध्ये इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले. उलेमांमध्ये जे आक्षेप निघाले त्यांतील एक थेट तव्याशी संबंधित होता. जो पदार्थ जळून कोळशाच्या अवस्थेला पोहोचला तो खाण्यापिण्यास वर्ज्य, हे तत्त्व होते. प्रश्न एवढाच होता की भाजलेला बुन्न कोळसा ठरतो काय? कातिब चेलेबी याने १६५६ मध्ये लिहिलेल्या 'मीज़ानुल हक़' या ग्रंथातही या वादाची चर्चा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेखुल इस्लाम बोस्तानज़ादे मेहमेद एफेंदी यांच्या काळात मत बदलले. बी त्या अवस्थेपर्यंत जात नाही, म्हणून आक्षेप राहत नाही, अशी भूमिका घेतली गेली.

आजच्या वाचकाला हा वाद शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. पण कॉफी भाजणाऱ्या कोणालाही विचारावे. त्याचा रोजचा प्रश्न हाच असतो. बी सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज होतो. त्यानंतर थोड्याच मिनिटांत ती तपकिरी, मग काळी आणि तेलकट होते. दुसरी तडतड ओलांडून तशीच आचेवर राहिली तर ती खरोखरच कोळसा होते. उघड्या तव्यावर एकाच घाणीत काही बिया फिकट आणि काही करपलेल्या निघतात. उलेमांनी जी सीमारेषा शास्त्रार्थाने शोधली, तीच भाजणारा माणूस कान आणि नाक यांनी शोधत असतो. आखाती देशांत आजही फिकट पिवळसर भाजणीचा कहवा पितात, तर तुर्की पद्धतीत रंग त्याहून गडद असतो.

वाळवंटातील संच

प्रवासात कॉफी कशी न्यावी, याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर बदूंनी दिले. त्यांच्या तंबूत कच्चा बुन्न थैलीत असे आणि त्याच्यासोबत भाजण्यापासून ओतण्यापर्यंतचा पूर्ण संच असे. लांब दांड्याची लोखंडी पळी, म्हणजे 'महमास', आणि तिच्यात बिया हलवण्यासाठी लोखंडी सळई. भाजलेल्या बिया गार करण्यासाठी लाकडी पसरट पात्र, 'मबरद'. कुटण्यासाठी कोठे पितळी खलबत्ता, तर जॉर्डन-पॅलेस्टाइनच्या बाजूला नक्षीदार लाकडी उखळ, 'मिहबाश'. शेवटी उकळण्या-ओतण्यासाठी चोच असलेली 'दल्ला'. प्रदेशानुसार नावे बदलतात, पण क्रम बदलत नाही.

या संचाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पळीत एका वेळी मूठ-दोन मुठी बिया मावतात, म्हणजे जमलेल्या पाहुण्यांना पुरेल इतकेच भाजले जाते आणि शिळे उरत नाही. दांडा लांब, कारण इंधन झुडपांचे आणि ज्वाळा उघडी. गार करण्याचे पात्र वेगळे, कारण पळीतच राहिलेली बी स्वतःच्या उष्णतेने पुढे भाजत राहते. हे शेवटचे भान अनेक आधुनिक स्वयंपाकघरांतही आढळत नाही. कुटण्याचा ठेका लांबून ऐकू जाई आणि तंबूत पाहुणा आला आहे, हे शेजारच्या तंबूंना कळे. अरबस्तानातील प्रवासाचे चार्ल्स डाउटी यांचे पुस्तक १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या कॉफीच्या बैठकांची वर्णने पुष्कळ आहेत. अरबी कॉफीच्या या आतिथ्याचा समावेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

शहरात वेगळी व्यवस्था घडली. भाजण्यासाठी अरबीत 'तहमीस' हा शब्द आहे. इस्तंबूलमध्ये एमिनओन्यू भागात भाजण्या-कुटण्याचा सार्वजनिक कारखाना 'तहमीसखाना' म्हणून चाले आणि तेथील एका गल्लीला अजूनही तहमीस हेच नाव आहे. मोठमोठ्या उखळांत जड लोखंडी मुसळांनी कॉफी कुटली जाई. घरासाठी आणि प्रवाशासाठी मात्र पितळी नळकांडीसारखे हातजाते निघाले. वर बिया, मध्ये दाते, खाली पूड, आणि दुमडून ठेवता येणारी मूठ. विल्यम उकर्स यांनी 'ऑल अबाउट कॉफी' (१९२२) या ग्रंथात अशा जात्याचा सुधारलेला प्रकार सुमारे १६६५ मध्ये दमास्कस येथे बनला, अशी नोंद केली आहे. खोगिराच्या पिशवीत मावणारे हे जाते आजच्या गिर्यारोहकाच्या हातजात्याचे थेट पूर्वज आहे. आकारही फारसा बदललेला नाही.

युरोपातील घर आणि राजाचे हेर

युरोपात कॉफी गेली ती कच्च्या बियांच्या रूपाने. त्यामुळे प्रत्येक घराला भाजावे लागे. चुलीवरचा झाकणाचा तवा, किंवा विस्तवावर फिरवायचे पत्र्याचे नळकांडे, आणि मांडीत धरून फिरवायचे लाकडी पेटीचे जाते ही मध्यमवर्गीय घराची सामग्री झाली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७८१ मध्ये कॉफी भाजणे हा सरकारी मक्ता ठरवला. खाजगी घरात परवान्याशिवाय भाजणे गुन्हा झाले. निवृत्त, अपंग सैनिकांना रस्त्यांवरून हिंडून भाजणीचा वास काढण्याचे काम देण्यात आले आणि लोक त्यांना 'कॉफी हुंगणारे' म्हणू लागले. पेय लपवता येते, भाजणी लपवता येत नाही, हे राजाला बरोबर कळले होते. १७८६ मध्ये तो वारल्यावर ही व्यवस्था लवकरच गुंडाळली गेली. फ्रान्समधील प्यूजो घराण्याने पुढे मोटारी काढल्या, पण त्यांचे कॉफीचे जाते १८४० पासूनचे आहे. पोलादी दात्यांचे हे कसब त्यांच्याकडे मोटारीच्या अर्धशतक आधीपासून होते.

क्रिमियाचा हिवाळा

साधनांशिवाय कच्ची बी दिली तर काय होते, याचा धडा १८५४-५५ च्या हिवाळ्यात मिळाला. ब्रिटिश, फ्रेंच आणि तुर्की फौजा सप्टेंबर १८५४ मध्ये क्रिमियात उतरल्या आणि सेवस्तोपोलचा वेढा सुरू झाला. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लावा बंदराबाहेर रसद व गरम कपड्यांनी भरलेली जहाजे बुडाली. बंदरापासून छावणीपर्यंतची काही मैलांची वाट चिखलाने भरली, जनावरे मेली. या अवस्थेत ब्रिटिश सैनिकांना कॉफीचा शिधा मिळाला तो हिरव्या, न भाजलेल्या बियांचा.

भाजण्यासाठी भांडे नव्हते. दळण्यासाठी जाते नव्हते. सर्वांत मोठी उणीव सरपणाची होती. खंदकात रात्र काढून आलेला ओलाचिंब सैनिक झुडपांची मुळे खणून काढी आणि त्यांचा विस्तव करून जेवणाच्या डब्याच्या झाकणात बिया भाजू पाही. मग तोफगोळ्याच्या तुकड्याने किंवा दगडाने त्या ठेचायच्या आणि पाण्यात उकळायच्या. अनेकांनी हा उद्योग सोडून दिला आणि बिया फेकल्या. खारवलेले मांस, बिस्किट आणि रम यांवर जगणाऱ्या, स्कर्व्ही व अतिसाराने ग्रासलेल्या माणसाला एक गरम पेला ही काही चैन नव्हती.

हे निव्वळ दुर्लक्षामुळे घडले, असे म्हणून सोडून देता येत नाही. रसद खात्याचे प्रमुख फिल्डर यांच्या बाजूने कारण दिले गेले. भाजलेली कॉफी समुद्रावरच्या ओलाव्याने खराब होते, कच्ची टिकते. विधान म्हणून ते खरे आहे. कच्च्या बीवरही ओलाव्याचा परिणाम होतो. पश्चिम किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांतून युरोपात जाणारी कॉफी वाटेत फुगून फिकट होई आणि तीच चव आज मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम घडवून 'मॉन्सून्ड मलबार' म्हणून विकतात. तरीही कच्ची बी वाया जात नाही. म्हणून फिल्डर यांचा हिशेब कोठाराच्या दृष्टीने बरोबर होता, पण तो कोठाराच्या दारापाशीच थांबला. बदूच्या थैलीतही कच्चाच बुन्न असे, मात्र त्याच उंटावर महमास आणि खलबत्ताही असे. शिवाय दोन-तीन दिवसांच्या समुद्रप्रवासावर इस्तंबूल होते. तेथील तहमीसखान्यांत शतकानुशतके हेच काम चालत आले होते. इतक्या जवळून भाजलेली कॉफी थोडी थोडी आणवणे अशक्य नव्हते.

सर जॉन मॅकनील आणि कर्नल अलेक्झांडर टलक यांना चौकशीसाठी १८५५ मध्ये क्रिमियात पाठवण्यात आले. १८५६ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हिरव्या कॉफीचा विषय ठळकपणे आला. त्यानंतर चेल्सी येथे बसलेल्या सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाने संबंधित अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. इंग्लंडच्या जनतेच्या स्मरणात मात्र हिरवी कॉफी राहिली. प्रसिद्ध आचारी अलेक्सी सोये १८५५ मध्ये स्वतःहून तेथे गेले. थोड्या सरपणात चालणारी त्यांची बंद शेगडी ब्रिटिश लष्कराने पुढे शतकाहून अधिक काळ वापरली. अडचण मुळात विस्तवाची आहे, हे त्यांनी ओळखले.

दहा पौंड की आठ पौंड

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या सैन्याचा शिधानियम अधिक शहाणा होता. शंभर माणसांच्या एका दिवसाच्या शिध्यात कच्ची कॉफी असेल तर १० पौंड आणि भाजलेली असेल तर ८ पौंड. भाजताना पाणी उडून बीचे वजन साधारण १५ ते २० टक्के घटते, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होती. सैनिक बंदुकीच्या दस्त्याने भांड्यात बिया ठेचत. जॉन बिलिंग्ज या माजी सैनिकाने १८८७ मध्ये छावणीतील जीवनावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच कॉफीला स्थान दिले. बंदुकीच्या दस्त्यात कॉफीचे जाते बसवले होते, ही कथा नेहमी सांगितली जाते. शार्प्स कार्बाइनचे असे मोजके नमुने आहेत खरे, पण सैन्यात त्यांचा सर्रास वापर झाला, असे मानण्यास आधार नाही. त्या जात्यात कॉफीऐवजी घोड्यांचा दाणा भरडत असावेत, असेही मत आहे.

युद्धानंतरच्या काळात घरचा तवा मागे पडला. जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये भट्टीवरून न उतरवता रिकामे करता येणाऱ्या भाजणी-यंत्राचे पेटंट घेतले. जॉन आर्बकल यांनी भाजलेल्या बियांवर अंडे व साखरेचा लेप देऊन त्या पाकिटांत विकल्या. १८७३ पासून त्यांचे 'एरिओसा' हे नाव अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांमध्ये घरोघरी झाले. गुराख्यांच्या शिध्याच्या गाडीला आता फक्त जाते ठोकलेले असे, तवा नसे. इस्तंबूलमध्ये मेहमेद एफेंदी यांनी १८७१ मध्ये तहमीस गल्लीतच भाजून दळलेली कॉफी विकण्यास सुरुवात केली. तेथे तर जातेही घरातून गेले.

हिंदुस्थानात

चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुडन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणून पेरल्या, अशी परंपरा आहे. हा काळ सतराव्या शतकाचा सांगतात. त्यांचे स्थान हिंदू-मुस्लिम दोघेही मानतात. या कथेला जोडून असेही सांगतात की येमेनी व्यापारी उगवण्याजोगी बी बाहेर जाऊ देत नसत, उकळून किंवा भाजूनच देत. हे शब्दशः घेणे कठीण आहे, कारण मोख्याहून जगभर जाणारा माल कच्चाच असे. कॉफीच्या बीची उगवणशक्ती काही महिन्यांतच संपते. पहाऱ्याचे काम बरेचसे निसर्गच करत होता.

पेय म्हणून कहवा येथे त्याआधीच पोहोचला होता. सर टॉमस रो यांच्यासोबत असलेला पाद्री एडवर्ड टेरी १६१६ ते १६१९ या काळात येथे होता. धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजी काळ्या बियांचे हे उकळलेले पेय घेतात, असे त्याने नमूद केले आहे. निज़ाम आसफजाह पहिले यांच्यासोबत दिल्लीस गेलेले आणि पुढे औरंगाबादचे सुभेदार झालेले दरगाह कुली खान यांच्या 'मुरक्का-ए-देहली' या फारसी ग्रंथात चांदणी चौकातील कहवाखान्यात जमणाऱ्या कवींचा उल्लेख आहे. उत्तरेत ही चाल पुढे विरली. दक्षिणेत घराघरांत रुजली ती कॉफी वेगळ्या वाटेने, विसाव्या शतकात.

दक्षिणेतील जुन्या घरांतून दिसणारी साधने मात्र कोठेही परकी वाटत नाहीत. पत्र्याचे आडवे नळकांडे, आरपार लोखंडी दांडा, एका टोकाला मूठ आणि खाली कोळशाची शेगडी. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेले ओतीव लोखंडी जाते. सकाळचे पहिले काम पुष्कळ घरांत मुलांकडे असे, आणि ते जाते फिरवण्याचे. आज कर्नाटकातील बाजारांत दुकानदार चिकोरी किती, असे विचारून समोर दळून देतो, म्हणून घरचे जाते माळ्यावर गेले आहे.

आज निवड करताना

अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत हौशी मंडळी पुन्हा घरी भाजू लागली आहेत. यंत्रे पुष्कळ आहेत. तरी जड बुडाची लोखंडी कढई सुरुवातीस पुरते. शंभर-सव्वाशे ग्रॅमपेक्षा अधिक बिया घेऊ नयेत आणि हात थांबवू नये. बियांवरचे साल कोंड्यासारखे उडते आणि धूर होतो, म्हणून खिडकीजवळ किंवा गच्चीत भाजावे. पहिली तडतड संपत आली की कढई उतरवून बिया लगेच चाळणीत घ्याव्यात, पाखडाव्यात आणि वारा घालावा. बदूचा मबरद येथे चाळणीच्या रूपाने येतो. ताज्या भाजलेल्या बीतून कर्बवायू निघत राहतो, तेव्हा दळण्यापूर्वी एखादा दिवस तरी जाऊ द्यावा.

खर्च करायचाच तर तव्यापेक्षा जात्यावर करावा. मिक्सरची पाती बी तोडतात. काही भाग पिठासारखा होतो तर काही कणीसारखा राहतो, आणि एकाच पेल्यात कडूपणाही येतो, पाणचटपणाही. दोन दातेरी चकत्यांमध्ये, किंवा शंकूच्या आकाराच्या दात्यांमध्ये भरडणारे जाते एकसारखा दाणा देते. तुर्की कहव्यासाठी तांदळाच्या पिठीइतकी बारीक पूड लागते आणि ती सर्व हातजाती देत नाहीत, म्हणून घेण्यापूर्वी चिमूटभर दळून बोटांत चोळून पाहावी. दक्षिणी फिल्टरला बारीक रव्याच्या खालची पायरी पुरते.

डोंगरात किंवा तंबूत मुक्काम असेल तर तव्याचा मोह टाळावा. भाजणीला पाव तास अखंड आच लागते. पाठीवरच्या छोट्या गॅसच्या डब्यातून तेवढी आच खर्च केली तर जेवणाला कमी पडते, आणि वारा असेल तर ती बियांना लागतही नाही. घरी तीन-चार दिवस आधी भाजलेल्या बिया, घट्ट झाकणाचा डबा आणि मूठ दुमडणारे नळीसारखे हातजाते पुरे. एका पेल्याला पंधरा ग्रॅम बिया, म्हणजे चार माणसांच्या दोन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या कॉफीला पाव किलोच्या आतच. चूल पेटवण्याजोगे सरपण आणि निवांत दुपार असेल तरच कच्च्या बियांची थैली सोबत घ्यावी, आणि घेतली तर लांब दांड्याची पळीही तिच्याबरोबरच बांधावी.